विटा झेलणारे हात : जेरी राइस

रानवारा

इथे क्रिकेट, कबड्डी, टेनिसवर भरभरून लिहिलं जातं. अमेरिकन फुटबॉलकडे मात्र आपल्यातले बरेच जण हेल्मेट घालून चाललेली ढकलाढकली म्हणूनच पाहतात. अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षं मीही तसंच पाहिलं. मग एका माणसामुळे हा खेळ जिवाभावाचा झाला. त्याचे विक्रम कुठेही वाचायला मिळतील. मला लिहायचंय ते त्याच्या आधीच्या दिवसांबद्दल.

जेरी राइस. जन्म १३ ऑक्टोबर १९६२, मिसिसिपी राज्यातलं स्टार्कव्हिल. तारीख मुद्दाम देतोय. त्याच्या बाराच दिवस आधी, १ ऑक्टोबरला, जेम्स मेरेडिथ हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी मिसिसिपी विद्यापीठात दाखल झाला. त्याला आत नेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष केनेडींना सैन्य धाडावं लागलं, आदल्या रात्री दंगल झाली, दोन माणसं जिवानिशी गेली. त्या राज्यात, त्या महिन्यात, एका कृष्णवर्णीय गवंड्याच्या घरी हे पोर जन्मलं.

तो वाढला क्रॉफर्डमध्ये. हजारभरसुद्धा वस्ती नसलेलं गाव, कच्चे रस्ते, आजूबाजूला शेतं. घरात आठ भावंडं. वडील जो नेथन विटांचं बांधकाम करायचे आणि उन्हाळ्यात मुलांना कामावर न्यायचे. जेरी परांचीवर उभा राहायचा, भाऊ खालून विटा फेकायचे, कधी एकावर एक चार-चार. त्याने त्या झेलायच्या, नीट रचायच्या आणि लगेच पुढच्यांसाठी हात तयार ठेवायचे. वडील कडक होते, वीट खाली पडलेली त्यांना खपत नसे. मिसिसिपीतला जुलै-ऑगस्ट म्हणजे आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखा, अंगातून पाणी काढणारा. या कामातूनच कष्टाची किंमत कळली, असं राइस पुढे अनेकदा सांगत आला आहे.

पायांची गोष्ट वेगळी. शाळेत जायला-यायला मैलोन्‌मैल कच्ची वाट, ती तो पळत कापायचा. शेजारच्या रानात घोडे मोकळे चरायचे. त्यांच्यावर बसायचं तर आधी पकडायला हवेत, म्हणून त्यांच्यामागे धावायचा.

तोवर फुटबॉलचा आणि त्याचा संबंध नव्हता. तो आला शाळा बुडवण्यामुळे. बी. एल. मूर हायस्कूलमध्ये दुसऱ्या वर्षाला असताना एक दिवस तो वर्गाबाहेर भटकत होता. उपमुख्याध्यापक मागून आले आणि त्यांनी हाक मारली. हा दचकला आणि जिवाच्या आकांताने पळत सुटला. सरांनी शिक्षा तर केलीच, पण पोरगं कसं पळालं हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यांनी फुटबॉलच्या प्रशिक्षकाला जाऊन सांगितलं. आईला हा खेळ पसंत नव्हता, मुलाने मात्र हट्ट सोडला नाही.

एका भेदरलेल्या मुलाच्या पळण्यात एका शिक्षकाला काहीतरी दिसलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि ती भीती पुढेही त्याच्यासोबत राहिली. २०१० साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवड झाली तेव्हाच्या भाषणात त्याने हेच सांगितलं, की अपयशाच्या भीतीनेच मला आयुष्यभर पुढे ढकललं. वीस हंगाम खेळलेला, सगळं मिळवलेला माणूस हे बोलत होता.

कॉलेजबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. हात दुखले.

पहाटपाऊस

छान लिहिताय रानवारा. एक प्राथमिक शंका आहे. राइस नक्की काय खेळायचा? माझा भाचा डॅलसला असतो, त्याच्यामुळे क्वार्टरबॅक हा शब्द तेवढा माहीत आहे.

रानवारा

पहाटपाऊस, क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा. राइस वाइड रिसीव्हर होता, म्हणजे लांब धावत जाऊन तो चेंडू झेलणारा. चेंडू सुटायच्या आत त्याने ठरलेल्या वाटेने धावायचं असतं, समजा दहा पावलं सरळ आणि मग एकदम आत. त्या वाटेला रूट म्हणतात. बरोबर सावलीसारखा प्रतिस्पर्धी असतो आणि झेल घेताक्षणी दुसरा कोणीतरी पूर्ण वेगाने अंगावर येऊन आदळणार, हे ठाऊक असतं. तरी डोळे चेंडूवरच ठेवायचे. झेलल्यावर मैदानाच्या टोकापर्यंत नेला की टचडाउन, सहा गुण.

आता कॉलेज. स्टार्कव्हिलमध्ये मिसिसिपी स्टेट हे मोठं विद्यापीठ आहे, फुटबॉलचं वेड असलेलं. म्हणजे अगदी उंबऱ्यावरचं. पण तिथून किंवा दुसऱ्या कुठल्या बड्या विद्यापीठातून शिष्यवृत्ती आली नाही. त्याला घ्यायला उत्सुक होतं ते इट्टा बेना गावातलं मिसिसिपी व्हॅली स्टेट. कापसाच्या शेतांनी वेढलेलं, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी १९५० मध्ये सुरू झालेलं लहानसं विद्यापीठ. तिथले प्रशिक्षक आर्ची कूली. लोक त्यांना 'गनस्लिंगर' म्हणत, म्हणजे कमरेला पिस्तुल लावून फिरणारा वेस्टर्न सिनेमातला गडी.

कूली हा या गोष्टीतला माझा आवडता माणूस. त्या काळात बहुतेक संघ चेंडू हातात धरून रेटारेटी करत पुढे सरकायचे. कूलींनी ठरवलं, आपण फेकायचा. प्रत्येक डावाआधी खेळाडू कोंडाळं करून चाल ठरवतात, तेही त्यांनी बंद केलं. क्वार्टरबॅक विली टॉटनने तिथल्या तिथे ओरडून चाल सांगायची आणि समोरच्यांना दम खायला वेळच द्यायचा नाही. कधी कधी चार-चार रिसीव्हर मैदानाच्या एकाच बाजूला आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक उभे करायचे. कोणी कोणाला धरायचं हेच बचाव करणाऱ्यांना उमगत नसे. १९८४ च्या हंगामात या संघाने सामन्यामागे सरासरी ६० च्या आसपास गुण केले. राइसचे त्या एका हंगामात १०३ झेल आणि २७ टचडाउन. मित्रांनी त्याचं नाव 'वर्ल्ड' पाडलं, कारण जगातला कुठलाही चेंडू हा झेलतो. टॉटन आणि राइस मिळून 'सॅटेलाइट एक्स्प्रेस'. आज तिथल्या मैदानाला त्या दोघांचं नाव आहे.

गुगली

लेख आवडला, पण एका गोष्टीवर मतभेद नोंदवतो. विटा झेलल्या म्हणून हात तयार झाले, ही गोष्ट ऐकायला गोड आहे. त्याचे भाऊही त्याच विटा फेकत-झेलत होते. त्यांच्यातला दुसरा कोणी राइस झाला नाही. मला वाटतं, खरा फरक कूलींनी केला. चेंडू फेकणारा संघ मिळाला नसता तर हा मुलगा कोणाला दिसलाच नसता. त्याच मिसिसिपीतला वॉल्टर पेटन बघा. तोही कृष्णवर्णीयांच्याच विद्यापीठातून, जॅक्सन स्टेटमधून आला, १९७५ मध्ये व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. पण तो चेंडू घेऊन पळणारा होता, आणि पळणाऱ्याची गुणवत्ता कुठल्याही संघात दिसते. झेलणाऱ्याला फेकणारा लागतो.

रानवारा

गुगली, पटतंय. विटांनी राइस घडला असं मी म्हणणार नाही. पण चार वर्षं रोज शेकडो चेंडू झेलण्याची जी चिकाटी लागते, ती कूलींकडे येण्याआधीच त्याच्यात होती आणि ती परांचीवरची आहे, हे माझं मत मी सोडत नाही.

फेकणाऱ्याबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं.

कृष्णाकाठ

मी या खेळातलं काही जाणत नाही. विटांबद्दल मात्र लिहू शकतो. माझे वडील गवंडी. सांगली भागात चाळीस वर्षं काम केलं. सुट्टीत मी आणि माझा थोरला भाऊ त्यांच्या हाताखाली असायचो, त्यामुळे हा प्रसंग वाचताना तळहात हुळहुळले.

खालून येणारी वीट झेलायला ताकद लागत नाही. वर येताना तिचा वेग कमी कमी होत जातो आणि एका जागी ती क्षणभर थांबते. तिथे तिला वजनच नसतं. त्या क्षणी दोन्ही बाजूंनी हात लावायचे आणि आपल्याकडे ओढून घ्यायची. घाई करून आधीच हात खाली नेले तर वीट बोटांवर बसते, नख काळं पडतं. उशीर केला तर ती खाली जायला लागलेली असते आणि खांदा ओढला जातो. पहिल्या आठवड्यात सालटी निघाली की वडील खोबरेल लावायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परांचीवर. महिन्याभराने मी विटेकडे बघायचंसुद्धा सोडलं होतं, ती कुठे थांबणार ते अंगाला कळायचं. हातात असलेली वीट रचता रचता नजर वळायच्या आत पुढची धरलेली असायची.

चार विटा एकदम म्हणजे दहा किलोच्या आसपास वजन झालं. चार एकत्र, न सुटता वर पाठवणं हे फेकणाऱ्याचं कसब. म्हणजे त्याचे भाऊही पोहोचलेले असणार.

रानवारा

कृष्णाकाठ, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुम्ही जे "कुठे थांबणार ते अंगाला कळायचं" म्हणता, अगदी त्याच गोष्टीवर बिल वॉल्श यांचा सगळा खेळ उभा होता.

वॉल्श हे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या व्यावसायिक संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक. ऑक्टोबर १९८४ मध्ये संघ ह्यूस्टनला खेळायला गेला होता. सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत त्यांनी टीव्ही लावला तर कॉलेजच्या सामन्यांतली दृश्यं चालली होती, आणि त्यात व्हॅली स्टेटचा एक पोरगा झेलामागून झेल घेत होता. तेव्हापासून तो त्यांच्या डोक्यात बसला.

पुढची अडचण अशी. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंची निवड होते आणि विजेत्या संघाचा क्रमांक शेवटी येतो. फोर्टीनाइनर्स नुकतेच सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलेले, म्हणजे पहिल्या फेरीत ते अठ्ठाविसावे. तोपर्यंत राइस राहतो का? त्याच्याबद्दल दोन आक्षेप होते. एक, लहान विद्यापीठ, तिथले बचावपटू कच्चे. दुसरा वेगाचा. ४० यार्डांच्या धावेत त्याची वेळ ४.६ सेकंदांच्या आसपास किंवा थोडी जास्तच यायची. रिसीव्हरसाठी ती साधारण समजली जाते. घड्याळावर विसंबून अनेक संघांनी त्याला सोडलं. ३० एप्रिल १९८५ ला निवड झाली तेव्हा त्याच्याआधी अल टून आणि एडी ब्राउन हे दोन रिसीव्हर उचलले गेले. मग वॉल्शनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी अदलाबदल करून, स्वतःच्या पहिल्या तीन फेऱ्यांमधल्या संधी देऊन, सोळावा क्रमांक मिळवला आणि राइसला घेतलं.

वॉल्शची पद्धत अशी, की क्वार्टरबॅकने फेकायचा तो झेलणारा जिथे पोहोचणार आहे त्या जागेवर, आणि बहुतेकदा तो वळायच्या आधीच. पाऊल चुकलं तर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात. तिथे घड्याळातला वेग दुय्यम ठरतो. राइसचं वैशिष्ट्य हे, की तो वळताना वेग हरवत नसे, आणि चेंडू हातात आल्यावर त्याला मागून कोणी गाठलंय असं क्वचितच घडे. चाचणीत सुटं धावणं वेगळं आणि मागे कोणी लागलेलं असताना धावणं वेगळं.

पहाटपाऊस

शाळेतल्या त्या दिवसासारखं.

रानवारा

अगदी तेच म्हणायचं होतं.

आणि तरीही पहिलं वर्ष वाईट गेलं. त्याचे एकामागून एक झेल सुटत होते. कँडलस्टिक पार्कवर घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले. क्लिष्ट चालींची जाडजूड वही पाठ करायची, मैदानावर विचार करत धावायचं, त्यात हात आखडायचे. डिसेंबर १९८५ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध सोमवारच्या रात्रीचा सामना झाला, त्यात त्याने १० झेल घेऊन २४१ यार्ड काढले, म्हणजे चेंडू एकूण तेवढं अंतर पुढे नेला. सामना संघ हरला, पण कोंडी फुटली.

दुसरा घाव त्याहून खोल. जानेवारी १९८७, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध बाद फेरी. सुरुवातीलाच क्वार्टरबॅक जो मॉन्टानाचा चेंडू त्याने धावता धावता झेलला, पुढे कोणी नाही, सरळ टचडाउन. आणि कोणाचा स्पर्शही न होता चेंडू त्याच्या हातातून निसटला. तो सामना ४९-३ असा हरले. दोष एकट्याचा नव्हताच, पण त्याच्या मनातून ते गेलं नाही. पुढच्या हंगामात खेळाडूंचा संप झाला, त्यामुळे तो १२ च सामने खेळला आणि त्यात २२ टचडाउन झेलले. तो विक्रम २००७ मध्ये रँडी मॉसने मोडला, २३ करून, १६ सामन्यांत.

टेकडीवरची

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ रेडवुड सिटीत राहते, इथून एजवुड पार्क गाडीने दहा मिनिटांवर. त्या टेकडीवर राइस वर्षानुवर्षं सराव करायचा, हे मला इथे येऊन बरीच वर्षं झाल्यावर शेजाऱ्याकडून कळलं. साधारण अडीच मैलांची चढणीची वाट आहे. त्याला तिथे नेलं ते त्याच्या संघातल्या रॉजर क्रेगने. तोच क्रेग, ज्याने १९८५ मध्ये एकाच हंगामात पळून हजार आणि झेलून हजार यार्ड काढले, जे आधी कोणालाच जमलं नव्हतं.

आमचा मराठी मंडळींचा चालण्याचा गट दर शनिवारी तिथे जातो. ओक आणि मॅड्रोनच्या सावलीतून वाट वर जाते, वसंतात रानफुलांनी भरून जाते. काही ठिकाणी चढ असा आहे की बोलणं बंद होतं, नुसते श्वास ऐकू येतात. तो हे धावत चढायचा, आणि हंगाम संपल्यावर, जेव्हा बाकीचे सुट्टीवर असायचे तेव्हा. दुसऱ्या संघांतले खेळाडू त्याच्यासोबत सरावाला येत आणि वाटेत उलट्या करत, असे किस्से इथे अजून सांगतात.

रानवारा, तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मी लिहिते. सरावात साधा पाच यार्डांचा झेल घेतला तरी तो थांबायचा नाही, चेंडू घेऊन थेट टोकापर्यंत धावत जायचा. प्रत्येक वेळी. नव्या मुलांना आधी ते विचित्र वाटायचं, मग तीही धावायला लागायची.

गुगली

एवढं सगळं लिहिताय तर स्टिकमबद्दलही लिहायला हवं. हाताला लावायचा चिकट पदार्थ, एनएफएलने १९८१ मध्येच बंदी घातली होती. २०१५ मध्ये राइसने स्वतः मुलाखतीत सांगितलं की तो हातमोज्यांवर थोडं मारायचा. वर म्हणाला, त्या काळात सगळेच करायचे. ख्रिस कार्टरसारख्या त्याच्याच काळातल्या खेळाडूंनी ते नाकारलं. माझ्या मनातून तेव्हा तो थोडा उतरला.

रानवारा

हो, ते खरं आहे आणि मलाही ते लागलं. नियम होता, त्याने मोडला. "सगळेच करायचे" हे उत्तर मला तरी पुरेसं वाटत नाही. इतके कष्ट केलेल्या माणसाला त्याची गरज का वाटावी? मला याचं उत्तर पुन्हा त्या भीतीतच दिसतं. पण हा माझा अंदाज झाला, समर्थन नव्हे.

त्याच्या १५४९ झेलांमागे फक्त चिकट हातमोजे होते असं मात्र कोणी म्हणू नये. कारकिर्दीत २२,८९५ यार्ड. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झगेराल्ड १७,४९२ वर थांबला. म्हणजे पाच हजारांहून अधिक यार्डांचं अंतर, आणि हल्लीचे संघ त्या काळापेक्षा कितीतरी जास्त चेंडू फेकतात. २००२ मध्ये, ऑकलंड रेडर्सकडून खेळताना, वयाच्या चाळिशीत त्याने ९२ झेल घेतले.

मधलं १९९७ हे वर्षही विसरता येत नाही. पहिल्याच सामन्यात टॅम्पा बे विरुद्ध गुडघ्याचे स्नायुबंध तुटले. तोवर तो एकही न चुकवता सलग १८९ सामने खेळला होता. डॉक्टर सांगतील त्याच्या आधीच, डिसेंबरमध्ये, हट्टाने परतला. मॉन्टानाची सोळा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली ती रात्र. त्याने टचडाउन झेलला आणि त्याच झेलात गुडघ्याची वाटी तडकली. मला ते शौर्य वाटत नाही, त्याला कोणीतरी थांबवायला हवं होतं असं वाटतं. पण पुढच्या हंगामात तो पहिल्या सामन्यापासून मैदानात होता.

पहाटपाऊस

यातलं एकच काही बघायचं असेल तर काय बघू? भाच्याबरोबर बसून बघेन.

रानवारा

२२ जानेवारी १९८९, मायामी, तेविसावा सुपर बोल, सिनसिनाटी बेंगाल्सविरुद्ध. शेवटची साडेतीन मिनिटंसुद्धा पुरे. फोर्टीनाइनर्स १३-१६ ने मागे, चेंडू स्वतःच्या आठ यार्डांवर, म्हणजे ९२ यार्ड जायचंय. त्या वाटचालीत राइसचे तीन झेल, ५१ यार्ड. मधे बचाव करणारे तिघे त्याच्याभोवती आहेत आणि तो त्यांच्यातून निघतो, ते नीट बघा. शेवटचा विजयी झेल त्याचा नाही, जॉन टेलरचा आहे, ३४ सेकंद उरलेले असताना. सगळ्यांचं लक्ष राइसकडे होतं. सामन्यात एकूण ११ झेल, २१५ यार्ड, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच.

कृष्णाकाठ

काल रविवारी वडील घरी होते. ऐंशीच्या पुढे आहेत, आता कमी दिसतं, म्हणून लॅपटॉप मांडीवर देऊन तो सामना लावला. आधी तुमच्या लेखातला विटांचा भाग वाचून दाखवला. "चार विटा? वर किती मजल्यावर?" असं विचारलं.

मग गप्प बसून बघत राहिले. काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं, मलाही फारसं नाही. राइसचा झेल आला की मी थांबवून पुन्हा लावायचो. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "झेलणाऱ्याचं बघितलं. आता मागं घे. फेकणारा कोण आहे त्यो दाव."

रानवारा

काकांना नमस्कार सांगा. जो मॉन्टाना, पेन्सिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला गावचा, १९७९ च्या निवडीत तब्बल ८२ वा. पुढच्या आठवड्यात त्याच्यावर धागा काढतो.